छोट्या रीफ टाकीत पाणी फिरवायला काय घ्यावं? वेव्हमेकर, पॉवरहेड की मोठा रिटर्न पंप?

खाडीपट्टा:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता खर्चाची वेळ आली म्हणून तोंड उघडतोय. राहायला रत्नागिरीत. टाकी खाऱ्या पाण्याची, प्रवाळांची; दोन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच. हिशेबाने ८८ लिटर होतात पण दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर खरं पाणी ७०-७५ लिटरच असेल. पाठीमागे काचेचे कप्पे आहेत, त्यातच फिल्टर आणि छोटा रिटर्न पंप, खाली वेगळा संप (फिल्टरची जोडटाकी) नाही. टाकी सायकल होऊन, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू वाढून, आता स्थिर आहे. आत हॅचरीत वाढवलेली क्लाउन माशांची जोडी आणि मऊ प्रवाळ: थोडे झोअँथिड, मशरूम आणि एक लेदर. पुढेमागे त्यातलाच झेनिया घालायचा विचार आहे. कडक प्रवाळ ठेवायचे नाहीत.

प्रश्न असा की पाणी फिरवायला काय घेऊ? दुकानदार म्हणतो आहे तो रिटर्न पंप काढा आणि मोठा टाका, वेगळं काही लागत नाही. एक मित्र म्हणतो दोन चायनीज वेव्हमेकर घे, दोन्ही मिळून सहा हजार लिटर, विषय संपला. आणि नेटवर वाचावं तर सगळे वॉरटेक एमपी१० नाहीतर नीरो ३ या महागड्या वेव्हमेकरच्या खाली बोलतच नाहीत, म्हणजे पाच आकडी. घरच्यांनी अजून किंमत विचारलेली नाही, तोवर निर्णय घ्यायचाय.

सुका बोंबील:
७५ लिटर पाणी, दोन मासे आणि चर्चा सहा हजार लिटरची. मासे टाकीत ठेवायचेत की धुवायचेत?

पाणचट:
बोंबीलराव, तुमच्या कुळातलं कोणी तिथे नाही म्हणून हसताय. :)

नांगर:
दुकानदाराचं ऐकू नका. रिटर्न पंपाचं काम पाणी फिल्टरच्या कप्प्यातून परत टाकीत आणणं एवढंच. तो मोठा केलात तर मागच्या कप्प्यातलं पाणी भराभर उपसलं जाईल, पुढच्या टाकीतून जाळीवाटे तितक्या वेगाने मागे येणार नाही, पातळी खाली जाईल आणि पंप हवा ओढायला लागेल. मग टाकीभर बारीक बुडबुडे आणि रात्रभर गुरगुर. बाष्पीभवनाने कमी होणारं पाणीही त्याच शेवटच्या कप्प्यात कमी दिसतं, म्हणजे मे महिन्यात एक दिवस पाणी घालायचं राहिलं की मोठा पंप आधी कोरडा पडणार. तासाला टाकीच्या चार-पाच पट पाणी फिरवणारा रिटर्न तुमच्या टाकीला पुरे.

टाकीच्या आतला प्रवाह वेगळ्याच यंत्राने द्यायचा. त्यात दोन जाती. जुन्या पद्धतीचं पॉवरहेड, म्हणजे आत इम्पेलर आणि पुढे बारीक तोंड, ते पाणी पिचकारीने मारतं. आणि नवे प्रोपेलरवाले, ज्याला आपल्याकडे सरसकट वेव्हमेकर म्हणतात, ते रुंद तोंडातून जास्त पाणी कमी जोराने ढकलतात आणि तेवढ्याच वॉटमध्ये कितीतरी जास्त पाणी हलवतात. प्रवाळाला दुसरी जात हवी. मऊ प्रवाळांना तासाला टाकीच्या १० ते २० पट फिरणं पुष्कळ झालं, कडक फांद्यांच्या प्रवाळांना ३० ते ५० पट लागतं. तुमच्या ७५ लिटरला २० पट म्हणजे १५०० लिटर. मित्राचे सहा हजार लिटर लावलेत तर वाळू मागच्या कप्प्यात आणि मशरूम दिवाणखान्यात.

अणुरेणू:
नांगरकाकांशी सहमत, पण त्या पट-पटच्या आकड्यात फार अडकू नका. खोक्यावरचे लिटर म्हणजे पंपाच्या तोंडाशी किती पाणी हललं ते. प्रवाळाला त्याच्या अंगाशी काय होतंय ते महत्त्वाचं. कुठल्याही पृष्ठभागाला चिकटून पाण्याचा एक पातळ थर जवळजवळ स्थिर असतो. प्रवाळाला प्राणवायू, अन्न, क्षार जे काही हवं ते त्या थरातून आत जातं आणि नको असलेलं बाहेर येतं. प्रवाह वाढला की थर पातळ होतो आणि देवाणघेवाण वाढते. दिवसा उजेडात प्रवाळाच्या आतलं शैवाल इतका ऑक्सिजन तयार करतं की तो बाहेर पडणं हीच अडचण होऊन बसते.

तुम्ही झेनिया म्हणालात म्हणून सांगतो, त्याच कुळातला हेटेरोक्झेनिया लाल समुद्रात सतत मुठी उघडझाप करत असतो. इस्रायलच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की या उघडझापीने अंगाजवळचा ऑक्सिजन झटकला जातो आणि प्रकाशसंश्लेषण वाढतं. प्राणी स्वतःची शक्ती खर्चून स्वतःभोवती पाणी ढवळतो, एवढं त्याला ते मोलाचं. तेव्हा किती लिटर यापेक्षा पाणी कुठून कुठे जातं, दिशा बदलते का, कोपऱ्यात साचतं का, ते बघा.

तारकर्लीचो:
मी डायव्हिंगच्या बोटीवर असतंय म्हणून दोन शब्द. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूक खाली उतरलास की थंय पाणी एका बाजून नळासारखा येणा नाय. लाट इली की सगळा पुढे जाता, परत गेली की मागे. आणि उधाणाक जोर वेगळो, भांगाक वेगळो. तुमचो पंप चोवीस तास एकाच जाग्यार एकाच बाजूक फुकत रवता, ता प्रवाळाक कसा आवडात?

शुद्ध भाषेत सांगायचं तर जोर कमीजास्त करता येईल असा पंप घ्या. एक पैसे जास्त गेले तरी चालतील.

पाणचट:
"एक पैसे" किती हजारांचे ते सांगा आधी.

निशिगंधा:
कोणी उष्णतेबद्दल बोलतच नाहीये, ज्यावर आपल्याकडच्या निम्म्या टाक्या मरतात! पुण्या-बंगळुरूचे लोक लिहितात ते वाचून पंप घेऊ नका. पाण्यात बुडालेला पंप जितके वॉट खातो ते शेवटी सगळे उष्णता होऊनच पाण्यात जातात. एप्रिल-मे मध्ये रत्नागिरीत बंद खोलीत ३२-३३ अंश आरामात असतात. प्रवाळाला २५ ते २७ हवं, ३० च्या वर रेंगाळलं की रंग जायला सुरुवात. त्यात २० वॉटचे पंप आणखी.

आणि पंखा लावा म्हणणाऱ्यांनो, वरून पंखा मारून गार होतं ते बाष्पीभवनाने. आपल्या हवेत आधीच दमटपणा ठासून भरलेला, पाणी उडणार कुठे? नगरला पंख्याने जितकं उतरतं तितकं रत्नागिरीत उतरत नाही. आमच्याकडे मेच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पंखा नुसता समाधानापुरता फिरतो. शेवटी एसीच्या खोलीत टाकी हलवली.

सुका बोंबील:
म्हणजे मासे एसीत आणि सासूबाई ओटीवर?

निशिगंधा:
सासूबाईंनीच हलवायला सांगितली. त्याच तिथे बसून बघतात. ह.घ्या. (हलके घ्या) म्हणणार होते पण ही खरी गोष्ट आहे.

अणुरेणू:
निशिगंधाताईंच्या मुद्द्याला आकडा जोडतो. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर २० वॉट ७५ लिटर पाण्याला तासाला साधारण पाव अंश तापवतील. प्रत्यक्षात काच आणि पृष्ठभागातून बरीच बाहेर जाते म्हणून इतकं चढत नाही, पण ४ वॉटचा एक पंप आणि मिळून २० वॉटचे दोन यात उन्हाळ्यात फरक नक्की दिसेल. याच बाबतीत वॉरटेकचा फायदा आहे, त्याची मोटर काचेच्या बाहेर असते आणि आत फक्त चुंबकाने फिरणारा पंखा. मोटरची उष्णता खोलीत जाते. नीरोची मोटर मात्र पाण्यातच असते, बाहेर दिसतं ते नुसतं पकडून ठेवणारं चुंबक. लोक दोघांना एकाच माळेत ओवतात.

उलट बाजूही आहे. १९९८ साली समुद्र तापून जगभर प्रवाळ पांढरे पडले, आपल्या लक्षद्वीपलाही पडले, त्यानंतरच्या अभ्यासात असं दिसलं की जिथे पाणी चांगलं वाहत होतं तिथले प्रवाळ तुलनेने जास्त तगले. म्हणून गरमी आहे म्हणून पंप बंद ठेवू नका. कमी वॉटमध्ये जास्त पाणी हलवणारा घ्या, हे त्यातून निघतं.

नांगर:
वॉरटेकला एक अडचण. खाडीपट्टा यांच्या टाकीला मागे कप्पे आहेत, म्हणजे मागच्या काचेवर तो बसणार नाही. बाजूच्या काचेवर बसवावा लागेल आणि बाहेरच्या मोटरला भिंतीपासून जागा सोडावी लागेल. शिवाय एमपी१० साधारण १० मिलीमीटर काचेपर्यंतच चालतो. टाकी कोपऱ्यात चिकटून असेल तर आधी टेपने मोजा.

आणि बाहेरची मोटर, कंट्रोलर हे सगळं आपल्या खाऱ्या हवेत उघडं राहणार. आमच्या अलिबागला खिडकीचे गज टिकत नाहीत. कंट्रोलर टाकीच्या वर, पाणी उडेल अशा ठिकाणी अजिबात ठेवू नका.

दापोलीकरीण:
सगळे श्रीमंत प्रश्न सोडवून झाले असतील तर गरीब प्रश्न विचारू का? लाईट गेल्यावर काय?

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्या गावात खांब आडवे झाले होते, वीज यायला किती दिवस लागले ते आठवायचंही नाही. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते. आणि वादळ सोडा हो, साधा पहिला पाऊस आला की फांदी पडते आणि लाईट जाते. टाकीतलं पाणी थांबलं की वरून प्राणवायू मिसळणं थांबतं, रात्री तर प्रवाळ, मासे, जिवाणू सगळेच ओढतात. उन्हाळ्यात गरम पाण्यात मुळातच कमी मावतो. फिल्टर, दिवे, स्किमर (फेसाने घाण काढणारं यंत्र) सगळं एक दिवस बंद राहिलं तरी चालतं पण पाण्याचा वरचा थर हलता राहिलाच पाहिजे.

त्यामुळे माझा पंप निवडायचा पहिला निकष: तो डीसी आहे का आणि बॅटरीवर थेट चालतो का. बाकी वेव्ह, पल्स, अॅप ते नंतर.

खाडीपट्टा:
ताई, घरात इन्व्हर्टर आहे, मोठी बॅटरी आहे. तो चालणार नाही का?

दापोलीकरीण:
चालेल की. पण साधा चौकोनी लहरींचा असेल तर एसी पंप त्यावर घूं घूं करतात आणि तापतात. आमचा तसाच होता. शिवाय त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे, टीव्ही, मोबाईल आणि शेजारच्यांचा मोबाईल. माशांचा नंबर शेवटी लागतो.

अणुरेणू:
हिशेब करूनच टाकू. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर. निम्मी वापरायची म्हटलं तर ९००. ५ वॉटचा डीसी पंप थेट लावला तर १८० तास, म्हणजे सात दिवसांच्या वर. तोच पंप इन्व्हर्टरमधून लावला आणि इन्व्हर्टर स्वतःच १५ वॉट खात असेल तर एकूण २०, म्हणजे ४५ तास. पंप तोच, बॅटरी तीच, पण इन्व्हर्टर जागा राहण्यातच तीन चतुर्थांश वीज संपवतो.

स्वस्तात हवं असेल तर यूपीएसमध्ये असते ती ७ अँपिअर-अवरची छोटी बॅटरी. ८४ वॉट-अवर, त्यातले ५० वापरले तर ४ वॉटचा पंप बारा तास. एक रात्र निघते. पंप २४ व्होल्टचा असेल तर मधे व्होल्टेज वाढवणारा छोटा कन्व्हर्टर लागेल. आणि तारेत फ्यूज टाका, बॅटरी शॉर्ट झाली तर वायर पेटते.

पाणचट:
वाचनखूण साठवली. माझ्याकडे टाकी नाही, बॅटरी नाही, पण कधी लागेल सांगता येत नाही.

वेंगुर्ल्याचा:
एवढ्या मोठमोठ्या गप्पांमध्ये गरिबाचं एक ऐका. माझ्या अडीच फुटी टाकीत दोन चायनीज वेव्हमेकर आहेत, किंमत एकाची हजाराच्या आसपास, काही वर्षं झाली, लेदर एवढं वाढलंय की कापून वाटावं लागतं. सगळं चालतं. फक्त काही गोष्टी बघून घ्या. आतला दांडा स्टीलचा असेल तर नको, सिरॅमिकचा हवा. स्टेनलेस लिहिलेलं असलं तरी खाऱ्या पाण्यात गंजतं. प्रोपेलरमधल्या चुंबकावरचा प्लास्टिकचा थर फुटलाय का ते दर सफाईला बघा, आत पाणी गेलं की चुंबक फुगतं, गंज पाण्यात सुटतो आणि प्रवाळ मिटून बसतात, कारण शोधून शोधून डोकं जातं. भिंतीला पकडणारं चुंबक पण बघा, तेही गंजतं. आणि घरात ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी ते बसवा मग टाकीत हात घाला. खारं पाणी आणि उघडी वायर, आणखी काय सांगू.

टायमरवर आलटून पालटून दोन पंप चालवायची आयडिया बरेच देतात. स्वस्त एसी पंपांना ती मानवत नाही. ते सुरू होताना कुठल्याही दिशेने फिरू शकतात, उलटे फिरले की खडखडतात मग थांबून परत, असं दिवसातून शंभरदा केलं की मरतात. एसी असतील तर सरळ चालू ठेवा. आलटून पालटून हवं असेल तर डीसी.

नांगर:
सफाईचं कोणी लिहिलं नाही ते लिहितो. दोन-तीन महिन्यांनी पंप काढून व्हिनेगर आणि पाण्यात तासभर चालवा. वर चढलेलं जांभळं चुनखडी शैवाल विरघळतं. सायट्रिक अॅसिडही चालतं. नाही केलं तर पंपाचा प्रवाह हळूहळू निम्म्यावर येतो आणि कळतही नाही, माणूस दोष दिव्याला देतो.

सुका बोंबील:
व्हिनेगर विकत कशाला, घरात कोकमाचं आगळ आहे की. आंबट ते आंबट.

वेंगुर्ल्याचा:
आगळात मीठ असतंच, म्हणजे समुद्री टाकीला चालेलच म्हणा. :) पण पंप गुलाबी झाला तर जबाबदारी तुमची. त्यापेक्षा सोलकढी करा.

पोफळी:
थोडं अवांतर. टाकीत दगड म्हणून जांभा चालेल का? घराच्या बांधकामाचे चिरे पडलेत, भोकं भोकं असतात, दिसायलाही छान.

नांगर:
नको. जांभा भुसभुशीत, प्रवाहात झिजून मातकट पाणी करेल, आणि त्यात लोह ठासून भरलेलं. प्रवाळाला चुनखडीचा दगड किंवा तयार मिळणारे सिरॅमिकचे दगड बरे. चिरे बागेत लावा.

पोफळी:
मग किनाऱ्यावर पडलेले पांढरे प्रवाळाचे तुकडे? मालवणला फिरायला गेलो की दिसतात.

व्यवस्थापक:
पोफळी, हे इथे स्पष्ट लिहून ठेवणं गरजेचं आहे. सगळे कडक प्रवाळ, समुद्रपंखे, काळे प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो की मेलेला तुकडा, उचलणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्यच आहे, तिथून काहीच उचलू नये. धाग्यावर कोणी कडक प्रवाळ विकायचा किंवा कुठे मिळतो ते सांगायचा प्रयत्न केला तर प्रतिसाद उडवला जाईल. आधीच एक उडवला आहे.

पाणचट:
तो माझा नव्हता. माझा विनोद होता तो तिसरा.

तारकर्लीचो:
व्यवस्थापकांक धन्यवाद. टुरिस्ट बोटीत बसून येताना खिशात तुकडो घालतत, आमी बघला तर परत टाकूक लावतो. आणि एक, खडकावर ओहोटीक उघडे पडतत ते झोअँथिड पण ओढून काढू नकात. त्यांच्यातल्या काही जातीत पॅलिटॉक्सिन असता, हाताक जखम आसली तर दवाखानो दाखवता.

निशिगंधा:
हे झोअँथिड हाताळताना सगळ्यांनीच लक्षात ठेवा. हातमोजे घाला, तुकडा कापताना डोळ्यावर चष्मा, आणि झोअँथिड चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळायचा तर कधीच नाही, वाफेतून विष जातं.

वेंगुर्ल्याचा:
पाण्याचंही सांगतो, आपण समुद्राकाठी आहोत म्हणून बरेच जण कॅन घेऊन जातात. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाजवळचं पाणी घेऊ नका, गोडं होतं आणि गढूळही. डिसेंबर ते फेब्रुवारीत, भरतीला, होडीने जरा आत जाऊन आणलेलं बरं. आणलेलं रिफ्रॅक्टोमीटरने तपासा, हजारी ३५ च्या आसपास क्षारता हवी. मग गाळून, झाकून अंधारात काही दिवस ठेवा. नाहीतर समुद्री मिठाचं पाकीट आणि आरओचं पाणी, डोक्याला ताप नाही.

खाडीपट्टा:
बापरे, दोन दिवस नव्हतो तर धागा कुठून कुठे गेला. सगळ्यांचे आभार. मोजून आलो. काच ८ मिलीमीटर. टाकी एका बाजूने भिंतीपासून चार बोटं, दुसऱ्या बाजूला मोकळी. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचाच निघाला, दापोलीकरीण ताईंनी बरोबर ओळखलं. वाळू बारीक साखरेसारखी आहे. आता प्रश्न राहिला एक की दोन. दोन फुटात एका पंपाने भागेल का, आणि कुठे लावू?

नांगर:
एक. दोन फुटात दोन पंप म्हणजे दोघांची तोंडं एकमेकांच्या तोंडात.
आखूड बाजूच्या काचेवर, पाण्याच्या पृष्ठभागाखाली तीन-चार इंचांवर, जरा वर तोंड करून समोरच्या काचेच्या वरच्या भागावर मारा. पाणी समोर आपटून खाली वळेल आणि दगडांच्या खालून परत येईल. सगळी टाकी एका मोठ्या चक्रात फिरते, वरचा थर हलतो म्हणून हवाही मिसळते आणि वाळूवर थेट मारा होत नाही.

वेंगुर्ल्याचा:
मला नाही पटत. एकाच चक्रात एकाच दिशेला फिरलं तर दगडाच्या मागची बाजू कायम मेलेली, तिथे घाण साचते. दोन लहान पंप समोरासमोर थोडे तिरके लावले की मधे धडकतात आणि प्रवाह विस्कळीत होतो, तोच प्रवाळाला आवडतो. आणि एक बंद पडला तर दुसरा आहे.

अणुरेणू:
दोघांचंही बरोबर आहे, पण कुणाच्या टाकीत दगड कसे रचलेत त्यावर. मधे उंच भिंत रचली असेल तर एका पंपाचं चक्र अडतं, तिथे दोन हवेत. खाडीपट्टा, दगड कसे आहेत? आणि हे बघायला यंत्र लागत नाही. आर्टेमियाचा (माशांना घालतात त्या बारीक कोळंबीसारख्या जिवाचा) थोडा चुरा पंपासमोर सोडा आणि नुसतं बघा, कुठे गरगर फिरतो, कुठे खाली बसतो. दोन मिनिटात कळतं.

एक सावधगिरी. डीसी पंपात पल्सचा, म्हणजे चालू-बंद होण्याचा, वेग बदलता येतो. तुमच्या मापाच्या टाकीत पाणी एका टोकाकडून दुसरीकडे डुलायचा नैसर्गिक काळ साधारण ०.९ सेकंद येतो. पल्स त्याला जुळला, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद चालू अर्धा सेकंद बंद, तर सगळं पाणी हेलकावे घ्यायला लागतं. तारकर्लीच्या भाऊंनी सांगितलं तसं पुढे-मागे, प्रवाळ सुंदर डुलतात. पण जोर वाढवला तर पाणी काठावरून फरशीवर. सुरुवात अगदी कमी ताकदीने करा, आणि स्टँड डळमळीत असेल तर हा खेळ नकोच.

सुका बोंबील:
म्हणजे शेवटी सासूबाई ओटीवर नाही, पोहत.

खाडीपट्टा:
दगड दोन ढिगाऱ्यात आहेत, मधे दरी. भिंत नाही.

नांगर:
मग एकच पुरे. दरीतून पाणी परत येईल.

निशिगंधा:
कोणता का घ्या, त्याला जाळी किंवा स्पंजचं टोपण असलेला घ्या. उद्या क्लाउनसाठी अॅनिमोन (समुद्रफूल) आणायची इच्छा होईल, प्रत्येकाला होते. अॅनिमोन जागा आवडली नाही की चालत सुटतो आणि थेट पंपात. एकाच्या टाकीत बघितलंय, सकाळी अख्खं पाणी दुधाळ आणि मागे काही उरलेलं नाही. ७५ लिटरमध्ये अॅनिमोन आणूच नका खरं तर.

दापोलीकरीण:
आणि मशरूम पंपापासून लांब, खाली. झोअँथिड मधे. लेदर जिथे प्रवाह जरा जोरात येतो तिथे, कारण ते मधूनमधून मेणचट कात टाकतं, ती वाहून जायला जोर लागतो. नाही गेली तर खाली शेवाळ धरतं.

कातळशिल्प:
लाईट गेल्यावर रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं खाली जाऊन संप भरून वाहतो, त्यासाठी नळीला पृष्ठभागाजवळ भोक पाडा. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर विसंबू नका, त्यात शेवाळ अडकतं. हे कोणी लिहिलंच नाही.

नांगर:
कातळशिल्प, मुद्दा एक नंबर, पण धागाकर्त्याकडे संपच नाही. मागचे कप्पे त्याच टाकीत आहेत, पाणी जाऊन जाऊन जाणार कुठे? संप असलेल्यांनी मात्र हे छापून घ्यावं.

कातळशिल्प:
अच्छा, पहिला प्रतिसाद नीट वाचला नव्हता. संपवाल्यांसाठी समजा.

खाडीपट्टा:
तर मंडळी, वॉरटेक बाद, बजेटमुळे. चार बोटात मोटर बसली नसती आणि मोकळ्या बाजूला नातवंडं धावतात. एक डीसी वेव्हमेकर घेतला, २४ व्होल्ट, कंट्रोलरसकट, तळाच्या वेगाला ४ वॉटच्या आसपास खातो. पूर्ण ताकदीला टाकीसाठी फार आहे म्हणून कमी वेगावरच ठेवलाय. १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि कन्व्हर्टर आणलाय, फ्यूज टाकून. वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून वर घेतली, म्हणजे थेंब आला तर खालीच पडेल.

आता शंका. चुरा टाकून बघितला, उजव्या ढिगाऱ्यामागे एक कोपरा आहे तिथे बसतो. आणि लेदर कालपासून मिटलंय, बोटं बाहेर काढत नाही. पंप बदलल्यामुळे का?

दापोलीकरीण:
लेदर काही दिवस मिटून बसतंच, नवीन प्रवाह, नवीन दिवा, शेजारी नवा पाहुणा, कशानेही. वर चकचकीत थर दिसतोय का? दिसला तर कात टाकतंय. आठवडाभर हात लावू नका. फक्त प्रवाह थेट त्याच्या डोक्यावर आपटत नाही ना एवढं बघा.

खाडीपट्टा:
चकचकीत दिसतंय. आणि थेट नाही, समोरच्या काचेवरून वळून येतंय.

वेंगुर्ल्याचा:
कोपऱ्याचं सोपं आहे. रिटर्नची नळी सध्या कुठे तोंड करून आहे? ती त्या कोपऱ्याकडे वळवा. तो पंप लहान असला तरी मेलेल्या कोपऱ्याला पुरतो. दुसरा वेव्हमेकर विकत घ्यायच्या आधी हे करून बघा. आणि मग घ्या, दोन लागतातच.

नांगर:
दोन लागत नाहीत.

वेंगुर्ल्याचा:
पावसाळ्यानंतर या धाग्यावर परत बोलू, काका.